नोंदबाईंची पिल्लं

"नऊ."

नोंदबाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला आणि खिडकीशी टांगलेल्या कुंडीखाली उभं राहून पुन्हा मोजलं. कुंडीतून खाली लोंबणारी एकेक दांडी बोटावर घेतली, तिच्या टोकाचं पिल्लू, म्हणजे इवलंसं रोप, तळहातावर तोललं. नऊच. शनिवारी जाताना अकरा होती.

"बाई, उपाशीपोटी रक्त द्यायचंय. टोकन देता का?" काउंटरपलीकडून एक आजोबा म्हणाले.

"देते हो. रक्त कुठं पळून जातंय?"

रक्त पळत नव्हतं. पिल्लं मात्र पळत होती. गेल्या तीन आठवड्यांत सात. आणि आपोआप गळून नव्हे. दांडी तिरकी, स्वच्छ कापलेली. नोंदबाई स्वतः कापायच्या तश्शी.

रक्त-तपासणी केंद्रात नोंदणीच्या काउंटरवर त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. आलेल्या माणसाचं नाव, वय, डॉक्टरची चिठ्ठी रजिस्टरात उतरवायची, टोकन द्यायचं, नळ्यांवर नंबर चिकटवायचे. सगळे त्यांना नोंदबाई म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं.

ते झाड, स्पायडर प्लांट, तिथं येऊन नऊ वर्षं झाली. लेकीनं शाळेतून कागदी कपात एवढंसं पिल्लू आणलं होतं. पुढं लेक लग्न होऊन दूर गेली आणि घरात नोंदबाई आणि झाड अशी दोघंच राहिली. तळमजल्यावरच्या, भिंतीला भिंत लागलेल्या त्या घरात झाडाला उजेड पुरेना. पानं फिकी पडली, मधला पांढरा पट्टा कुठला आणि हिरवा कुठला तेही कळेना. तेव्हा एक दिवस पिशवीत घालून त्यांनी ते कामावर आणलं. इथं उत्तरेची खिडकी होती. उजेड भरपूर, पण ऊन अंगावर येत नाही. झाडानं बाळसं धरलं. नळाच्या पाण्यानं पानांची टोकं करपतात हे ध्यानात आल्यावर त्या बादलीभर पाणी आदल्या दिवशीच काढून ठेवायच्या, त्यातला औषधाचा वास उडाला की मग घालायच्या. तेही माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय नाही. करपलेली टोकं पानाच्या आकारात तिरकी कापायच्या, म्हणजे कापल्याचं कळू नये. दर रविवारी लेकीचा फोन यायचा. "आई, तू कशी आहेस?"च्या पाठोपाठ "झाड कसं आहे?" हा प्रश्न ठरलेला. यंदा झाडानं एकदम सोळा पिल्लं धरली, तेव्हा नोंदबाईंनी ती बातमी घरात पाळणा हलल्यासारखी सांगितली होती.

आणि आता ही चोरी.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. नोंदबाईंचं तोंड कधी पोळलं नव्हतं. त्या पहिल्यापासूनच फुंकत आलेल्या. काउंटरवरचं पेन दोरीनं बांधलेलं, डबा खणात, खणाला कुलूप, कुलपाची किल्ली गळ्यात. त्यामुळं संशय कोणावर घ्यायचा यात त्यांचा फार वेळ गेला नाही. सफाईच्या मावशी कामावर येऊन दीड महिना झाला होता. त्या सकाळी सातला येत, नोंदबाई साडेआठला. मधला दीड तास झाड आणि मावशी.

त्यात मावशींनी एकदा फरशी पुसता पुसता विचारलंही होतं, "ताई, हे पातीचं झाड मातीत नुसतं खोचलं तरी लागतं का हो?"

"का? कुठं खोचायचंय?"

"नाही, आपलं विचारलं. छान दिसतंय."

तेव्हा नोंदबाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं. आता त्या वाक्याला शेपूट फुटलं, शिंगं फुटली. शिवाय मावशींची ती जाड कापडी पिशवी. येताना चपटी, जाताना फुगलेली. खालचा कोपरा ओला. ओलं काय असतं? फडक्यात गुंडाळलेली रोपं ओली असतात.

त्या कोणाशी बोलल्या नाहीत. संशय बोलून दाखवला की चोर सावध होतो, अशी त्यांची पक्की समजूत. रोज अकराला वरच्या मजल्यावरचे लॅबवाले खाली चहाला यायचे. हे लॅबवाले म्हणजे सुईचं टोक बघावं तसं सगळ्याकडं डोळे बारीक करून बघणारा, गमत्या स्वभावाचा माणूस. वीस वर्षांची ओळख.

"झाड जोरात आहे तुमचं," कप ओठाला लावत ते म्हणाले.

"आहे," एवढंच बोलून नोंदबाईंनी विषय मिटवला. त्यांची नजर जिन्याखाली फडकं पिळणाऱ्या मावशींच्या हातांवर होती.

बुधवारी सकाळी आठ राहिली. नोंदबाई सरळ मॅनेजरच्या खोलीत गेल्या.

"झाडाची पानं?" मॅनेजरनं विचारलं.

"पानं नाहीत, पिल्लं. आणि प्रश्न झाडाचा नाही. आज झाड, उद्या सुयांचं खोकं. परवा आणखी काय."

सुयांचं नाव काढल्यावर मॅनेजर खुर्चीत सरळ बसला.

दुपारी चारला मावशी निघाल्या. दाराशी वॉचमन आडवा झाला. "मावशी, पिशवी दाखवा जरा."

"माझी? का?"

"वरनं सांगितलंय."

बाकांवर रिपोर्टसाठी थांबलेली दहाबारा माणसं होती. सगळ्यांनी माना वळवल्या. मॅनेजर खोलीच्या दारात उभा राहिला. नोंदबाईंनी रजिस्टरात डोकं घातलं, पण पेन एका जागीच अडलं होतं.

वॉचमननं पिशवीत हात घातला. डबा निघाला. दोऱ्यानं बांधलेली काडी असलेला चष्मा निघाला. मग तळातून ते ओलं गाठोडं. त्यानं गाठ सोडली आणि गाठोड्याचं एक टोक धरून झटकलं.

कपडे होते. धुऊन पिळलेले कामाचे कपडे. त्यांच्यात घडी घालून दडवलेले आतले कपडे खाली फरशीवर पडले.

बाकावरचं कोणीतरी खोकलं. वॉचमननं हात मागं घेतला.

"घरी पाणी सकाळीच येतं," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "तेव्हा मी इथं असते. म्हणून मोरीत धुऊन नेते. साबण माझाच असतो."

"झाडाची पिल्लं कोणी नेली मग?" मॅनेजर म्हणाला. इतकं झाल्यावर काहीतरी विचारणं त्याला भाग होतं.

मावशींनी एकदा जिन्याकडं पाहिलं. "मी नाही नेली. दुसऱ्याचं नाव मी कशाला घेऊ?"

त्या खाली बसल्या, कपडे गोळा केले, पुन्हा गाठ मारली आणि निघून गेल्या. दुसऱ्याच्या नावाची गोष्ट नोंदबाईंना पटली नाही. आज नेलं नसेल, म्हणून कधीच नेलं नाही असं थोडंच आहे, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. रात्री जेवताना पुन्हा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. नळ्यांचा ट्रे वर पोचवायचं कामही त्यांच्याकडंच असायचं. वॉचमन दार सोडून जाईना, तेव्हा गुडघ्यांना शिव्या देत नोंदबाई स्वतः जिना चढल्या. चार वर्षांत त्या वर गेल्या नव्हत्या.

लॅबमध्ये यंत्र घरघरत होतं. खिडकीच्या कट्ट्यावर नळ्या ठेवायचं लाकडी स्टँड होतं. त्यात आठ नळ्या, नळ्यांत पाणी, आणि प्रत्येक नळीच्या तोंडावर एकेक हिरवं-पांढरं पिल्लू पाय सोडून बसलेलं. काचेतून पांढरी मुळं दिसत होती. काहींची बोटभर वाढली होती.

नोंदबाईंनी वाकून तिरक्या कापलेल्या दांड्या पाहिल्या.

"अरे, तुम्ही कशा आलात वर?" लॅबवाले हसत उठले. "बघितलंत का माझं पाळणाघर? मुळं कशी भराभर सुटतायत! मातीत हे बघायला मिळत नाही."

"तुम्ही नेलीत?"

"म्हणजे काय! सकाळी लॅब उघडायला येतो तेव्हा एखादं ब्लेडनं कापून आणतो. मुळांच्या गाठी धरलेलं बघूनच हं, उगाच कोवळं नाही कापत."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं की! उन्हाळ्यात. पिल्लं आली की मला द्याल का, म्हटलं. 'तुमचंच समजा,' म्हणालात. मी समजलो." ते पुन्हा हसले. मग त्यांचं हसू जरा थबकलं. "का हो? काय झालं?"

नोंदबाईंनी ट्रे खाली ठेवला. "कोणी बघितलं होतं का तुम्हाला कापताना?"

"मावशी असायच्या ना खाली पुसत. परवा तर त्यांनीच कुंडी धरली, दांडी तुटू नये म्हणून."

झाला प्रकार नोंदबाईंनी सांगितला. कपड्यांचंही सांगितलं. लॅबवाल्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग मला धरायचं होतं! माझी बॅग बघायची होती! मी काय, हसून दाखवली असती."

तेच तर, असं नोंदबाईंच्या मनात आलं. यांची बॅग बघायचं कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्याही नाही. आणि मावशींनी जिन्याकडं का पाहिलं, हे त्यांना आत्ता कळलं. नाव घेतलं असतं तरी विश्वास कोणी ठेवला असता?

मॅनेजर म्हणाला, "झालं ते झालं. आता उगाळत बसू नका." लॅबवाले मात्र दोन दिवस चहाला खाली आले नाहीत.

सोमवारी मावशी आल्या. पहिल्यासारख्याच, सातला. नोंदबाईही त्या दिवशी साडेसातलाच पोचल्या. आदल्या दिवशी घरी एक लहान कुंडी आणून तिच्यात माती भरून ठेवली होती. आल्या आल्या त्यांनी सगळ्यात मोठं पिल्लू स्वतःच्या हातानं कापून तिच्यात लावलं.

"मावशी, हे तुम्हाला," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. खूप चुकलं. उन्हात ठेवू नका, पाणी बेतानं घाला. लागेल बघा."

मावशींनी फडकं पिळलं. कुंडीकडं पाहिलं, पानावरून एक बोटही फिरवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण नको ताई. दाराशी विचारतील."

"कोणी विचारणार नाही! मी सांगते ना सगळ्यांना."

"तुम्ही नसाल त्या दिवशी?"

मावशी बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या.

त्या दुपारी चारला मावशी निघाल्या, त्या दाराकडं गेल्या नाहीत. सरळ काउंटरपाशी आल्या. पिशवी रजिस्टरावरच ठेवली, तोंड उघडलं. डबा काढून बाजूला ठेवला. चष्मा ठेवला. गाठोड्याची गाठ सोडली.

"मावशी, हे काय? नको. अहो, नको ना."

"बघून घ्या ताई. म्हणजे मी मोकळी."

बाकावरची माणसं बघत होती. नोंदबाईंनी पाहिलं. पाहिल्याशिवाय मावशी हलणार नव्हत्या. मग मावशींनी सावकाश गाठ बांधली, एकेक वस्तू पिशवीत ठेवली, आणि "येते" म्हणून गेल्या.

मंगळवारी तसंच. बुधवारीही. नोंदबाईंनी विनवलं, एकदा रागावून पाहिलं, एकदा डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. मावशी ऐकून घ्यायच्या आणि गाठ सोडायच्या.

पुढं पुढं नोंदबाईंनी बोलणं सोडलं. चार वाजायला आले की हातातलं नाव लिहून पुरं करायच्या, पेनाला टोपण लावायच्या आणि रजिस्टर बाजूला सरकवून काउंटरवर पिशवीपुरती जागा करून ठेवायच्या.