छाती, कंबर, बाही

कंपनीच्या माहितीपत्रकातलं ‘संस्थापकांची पार्श्वभूमी’ हे पान साधनाताईंनी तीन दिवस खपून लिहिलं होतं. लोक ॲप कसं वापरतात, कुठे अडतात, हे पाहून सांगणारी अमरावतीतली ही दोन माणसांची कंपनी. साधनाताईंनी अकरा वर्षं एका दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत काढली होती. पत्रकात त्याचा ‘आरोग्य-संवाद’ झाला. भागीदार मोहसीननं अकोल्यात चौदा वर्षं कपडे शिवले होते. त्याचं ‘मानवी मोजमापन’ झालं.

“ताई, हा कोन मानूस हाये?” स्वतःचंच पान वाचून मोहसीननं विचारलं.

“तुम्हीच आहात. आणि पुण्याच्या बाईंसमोर खिशात टेप नको.”

पुण्याच्या रागिणीबाई म्हणजे पहिलं गिऱ्हाईक. त्यांच्या भाजी विकण्याच्या ॲपची चाचणी नांदगाव खंडेश्वरला, भाजी पिकवणाऱ्या गंगूबाईंच्या अंगणात होती. हे काम हातचं गेलं तर साधनाताई पुन्हा खिडकीत बसणार होत्या.

गंगूबाईंनी चहा पाजला, फोन हातात घेतला आणि प्रत्येक प्रश्नाला “चांगलं हाये बाई” म्हणत राहिल्या. रागिणीबाई आनंदानं कागदावर बरोबरच्या खुणा करत होत्या. साधनाताईंनी मनातल्या मनात दवाखान्याच्या नोकरीचा राजीनामा कायम केला.

तेवढ्यात मोहसीन म्हणाला, “मावशी, आता मेथीच्या जुड्या बांधता बांधता भाव टाका बरं.”

साधनाताईंनी डोळे वटारले. उपयोग झाला नाही.

गंगूबाईंचा ओला अंगठा फोननं ओळखला नाही. त्यांनी पदराला अंगठा पुसला, तोवर ॲप बंद होऊन पासवर्ड मागायला लागलं. दोनदा असं झाल्यावर त्यांनी फोन टोपलीखाली सरकवला.

“कावून ठेवला?” मोहसीननं विचारलं.

“रुसला थो. मी व्यापाऱ्याले आवाज देतो.”

“पयल्या ट्रायलले सगळेच मस्त म्हनतात, मॅडम,” मोहसीन रागिणीबाईंना समजावू लागला. “म्हनून मी गिऱ्हाइकाले शर्ट घालून खाली बसवतो, हात वर करवतो. मंग काखेत उसवते.”

“शर्ट?” रागिणीबाईंनी पत्रक उघडलं. “मग हे मानवी मोजमापन?”

“छाती, कंबर, बाही.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “आणि मी खिडकीत होते,” साधनाताई म्हणाल्या. “पाटी समोर असूनही लोक मलाच का विचारतात, ते अकरा वर्षं पाहिलं.”

रागिणीबाईंनी आपल्या सगळ्या खुणा खोडल्या. “आमच्या ऑफिसात दोन वर्षं सगळे मस्तच म्हणतायत,” त्या म्हणाल्या. “दुसरी ट्रायल कधी ठेवायची?”

“मास्तर,” मधेच गंगूबाई म्हणाल्या, “पोलकं शिवता का?”

मोहसीननं साधनाताईंकडे पाहिलं. मग खिशातून टेप काढून त्यांच्या हातात दिली. साधनाताईंनी गंगूबाईंची मापं घेतली आणि संशोधनाच्या वहीत लिहून ठेवली.