पाच मिनिटांत येतो

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा पाहू: बल्गेरियातलं डोंगरउतारावरचं एक गाव, तिथलं बूट दुरुस्तीचं इवलंसं दुकान, आणि त्याच्या बंद दारापुढे गोंदाची बाटली घेऊन उभी असलेली नऊ वर्षांची झोर्नित्सा. आणलंत? आता तिच्या कपाळावर एक आठीही घाला.

तिच्या स्तामेनआजोबांना जाऊन आज वर्ष झालं होतं. वर्ष झालं की माणसाचा फोटो छापलेलं पत्रक दारावर लावायचं, ही गावाची रीत. त्सोनाआत्याने ते छापून आणलं होतं. फोटोत आजोबा टाय बांधून बसले होते, दाढ दुखत असल्यासारखे. खाली होतं: 'प्रेमळ पिता, प्रामाणिक कारागीर.' बस्स!

"आत्या, हे आपले आजोबा नाहीतच. यांचा भोंगा कुठाय? कबुतरं? भोपळे?"

"अगं, ते लिहिलं तर लोक हसतील."

"हसू देत की! नाहीतर सगळ्यांना वाटेल, आजोबा नुसते बूटच शिवत होते."

"शिवले असते तर उपकार झाले असते," आत्या म्हणाली. "ती पाटी आधी काढ बरं दारावरची."

पाटीवर लिहिलं होतं, 'पाच मिनिटांत येतो.' आजोबांची पाच मिनिटं कधी कधी संध्याकाळपर्यंत चालत. झोर्नित्साने ती काढून कोनाड्यात ठेवली.

"चिकटव नीट. एक अक्षर वाढवायचं नाही!" असं बजावून आत्या प्रसादाच्या गव्हाचं पातेलं घेऊन चर्चकडे गेली.

झोर्नित्साने पत्रक चिकटवलं. बोटं फ्रॉकला पुसली. मग पेन्सिल काढून अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं: 'आजोबा बँडचा थोरला भोंगाही वाजवायचे.'

शेजारचा मेतोदी बेकरीवाला वाचायला थांबला. "वाजवायचे? अगं, त्यांनी तोंड लावलं की माझा फुगलेला पाव खाली बसायचा!" त्याने पेन्सिल हिसकावली आणि पुढे लिहिलं: 'फार वाईट.'

"मेतोदीकाका!"

"थांब ना, झालं नाही माझं." त्याने आणखी लिहिलं: 'पण माझ्या पोरीच्या लग्नात वाजवला, तेव्हा एकही पाहुणा घरी जाईना.'

"आणि भोपळा?" फुलवाली धावत आली. "दारातून निघेना, तर या बाबाने चौकट उखडली, पण भोपळा कापू दिला नाही!" तिनेही लिहिलं. पोस्टमनने लिहिलं: 'कबुतरं परतायची होती, म्हणून माझ्या बुटाचा तळ यांनी कौलांवर बसून ठोकला. मी खाली एका पायावर उभा.' पत्रक भरलं. मेतोदीने पावाच्या पिशव्या फाडून कागद दिले. दारापुढे ही गर्दी, हा खिदळण्याचा कल्लोळ!

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "त्सोना आली."

झोर्नित्सा दाराला पाठ टेकून उभी राहिली. "आत्या, फाडू नकोस ना."

"बाजूला हो."

आत्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ओठ घट्ट मिटलेले. मग तिने पत्रकाचा कोपरा धरला. झोर्नित्साने डोळे मिटून घेतले.

"पोहण्याचं कुणीच कसं लिहिलं नाही?" आत्या म्हणाली.

"पोहण्याचं?"

"मी सहा वर्षांची होते. याच दुकानात मला स्टुलावर पालथं घालून पोहायला शिकवलं. पुस्तकात बघून! बाबा स्वतः जन्मात पाण्यात उतरले नव्हते."

"मग आलं?"

"मी बुडाले ना नदीत पहिल्याच दिवशी! पोस्टमनच्या बापाने वेणी धरून काढलं!" आणि आत्या अशी हसत सुटली, की पातेलं मेतोदीला धरावं लागलं. डोळे पुसत तिने तो सुटलेला कोपरा अंगठ्याने पक्का दाबला. "दे इकडे पेन्सिल."

आत्या लिहू लागली. झोर्नित्साने कोनाड्यातली पाटी आणली, टाय बांधलेल्या आजोबांच्या बरोब्बर खाली टांगली, आणि कबुतरांना दाणे टाकायला धूम पळाली.