एका साच्याची दोन तोंडं

गुड फ्रायडेला टेकाडात पुरलेले जुने लोक आपली मडकी स्वतःच वर ढकलतात, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी सगळं गाव फावडी आणि मक्याच्या दारूचे बुधले घेऊन टेकाडावर लोटतं. फिलोमेनाचा नवरा निकानोर दरवर्षी हात हलवत परत यायचा, यंदा मात्र त्याला माणसाच्या तोंडाचं एक मडकं सापडलं. आणि त्या शहाण्याने ते ठेवलं कुठे, तर झोपलेल्या पोरीच्या उशाशी! यूलिसाने डोळे उघडले ते त्या मातीच्या डोळ्यांसमोरच.

तेव्हापासून पोर बोलली नाही. खाणं सुटलं, आता तर पाणीही ओठांतून ओघळून जात होतं. दवाखान्यात सलाइन लावलं, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. शेवटी देवऋषी सिप्रियानोने तिच्या अंगावरून अंडं उतरवलं आणि तो म्हणाला, "जीव मडक्यात अडकलाय. तिचा कपडा मडक्याच्या तोंडाशी धर, नावाने हाक मार. जीव कपड्यात उतरेल, मग तो कपडा तिला घाल. पण बाई, मडकं तेच हवं. भलत्याच मडक्यात हाक मारलीस तर आतला परका बाहेर येईल, आणि एवढ्याशा पोरीत दोघं मावायचे नाहीत."

मडकं तर निकानोरने केव्हाच इंजिनियरसाहेबांना विकलं होतं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाच्या घरात माणसांपेक्षा मडकीच जास्त. फिलोमेना तशीच उठली. यूलिसाचा फ्रॉक घेतला, स्वेटरही घेतला. जिवाला कशात यावंसं वाटेल, कोण जाणे.

इंजिनियरसाहेबांनी फळीकडे बोट दाखवलं. शेजारीशेजारी दोन तोंडं. तेच नाक, तेच जाड ओठ, तेच अर्धवट हसू.

"एकाच साच्यातली!" साहेब खुलले. "ही जोडी जमवायला आयुष्य गेलं माझं."

"आमचं कुठलं?"

"तुमचं... तुमच्याचा कान फुटला होता ना?"

"हो, उकरताना नवऱ्याची सळई लागली होती. पण इथे दोघांचेही कान धड आहेत, साहेब."

"दोघांचेही फुटकेच होते. मी भरले, रंग जुळवला. आता कुणी ओळखून दाखवावं!" ते हसले, तिच्याकडे बघून थांबले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. भिंग आणलं, नखाने कान खरवडले. "फळी पुसताना उचलली होती दोन्ही, जागा बदलली असेल," ते पुटपुटले. "मलाही नाही सांगता येत गं."

तिच्या मागोमाग येऊन दाराबाहेर तोंड लपवून उभ्या असलेल्या निकानोरला तिने आत ओढलं. "बघ नीट! तूच उकरून आणलंस ना?"

त्याने बघितलं आणि तो ढसाढसा रडायला लागला. "मी कान सोडून काही बघितलंच नव्हतं गं."

"दोन्ही घेऊन जा," साहेब म्हणाले. आयुष्यभराची जोडी त्यांनी एका दमात देऊन टाकली, बिचाऱ्यांनी. "मला नकोत."

"दोन्ही नेऊन काय करू? हाक कुणाला मारू?"

ती खाली बसली. दोन्ही तोंडं पुन्हा एकदा निरखली. मग उठून तिने फ्रॉक डावीकडच्या मडक्याच्या तोंडाशी धरला. "यूलिसा, चल घरी," ती म्हणाली. मग फ्रॉक स्वतःच्याच पोटाला लावून तिने वरून शाल करकचून बांधली.

"हे काय करतेस?" निकानोर ओरडला.

"गप. नऊ महिने बाळगलंय तिला. ती असेल तर मला कळेल."

थोड्या वेळाने तिचे पाय गार पडले. ओटीपोटात दगड ठेवल्यासारखं जड झालं. तिने नकारार्थी मान हलवली. "ही माझी नाही. कुणीतरी म्हातारा आहे."

"भास आहे तो," साहेब म्हणाले, पण दोन पावलं मागे सरले. "सोड, सोड ती गाठ!"

"सोडली तर जाईल कुठे हा? तुमच्या घरात?" तिने स्वेटर उचलला, दुसऱ्या मडक्याशी धरला आणि पोरीला हाक मारली. मग स्वेटर निकानोरच्या छातीवर दाबला. "पळ. घाल तिला."

"आणि तू?"

"पळ म्हणते ना!"

ती मागून चालत आली, उसाच्या कडेकडेने, पोट दोन्ही हातांनी सावरत, पहिलटकरणीसारखी. घराचं दार उघडं होतं. ती अंगणातच थांबली. परका हाकेला दिलेल्या 'ओ'च्या वाटेने एकातून दुसऱ्यात जातो, म्हणून त्याला त्याच्या जागी पोचता केल्याशिवाय कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही, हे त्या गावात सांगावं लागत नाही. आणि याला पोचवायचं कुठे? याचं मडकं कुठल्या खड्ड्यातून निघालं होतं, हे साहेबांनाही माहीत नव्हतं.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग निकानोरचा हुंदका, की हसू.

"फिलोमेना! पाणी प्यायली गं! ये आत, तुलाच विचारतेय!"

आणि मग तो बारीक, बसलेला आवाज. "आई?"

फिलोमेनाचं सगळं अंग दाराकडे धावलं. तिने तोंडात शालीच्या टोकाचा बोळा कोंबला.

"आई, कुठे आहेस?"

तिने ओ दिली नाही.