शहाऐंशी किलो

नायरीने पाहुण्या ग्लेनिसबाईंना पिशवीसकट काट्यावर उभं केलं आणि आकडा वहीत लिहिला. हिमनदीवर नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये कोण कुठे बसणार हे त्या वहीवरून ठरायचं, त्यामुळे पाहुणा असो की रोजचा वाटाड्या, वजन दिल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती.

शेवटी राविरी चढला. नायरीचा धाकटा भाऊ, पंचवीस वर्षं याच हिमनदीवर लोकांना फिरवणारा.

"शहाऐंशी," काट्याकडे न बघताच तो म्हणाला. "लिही ताई, रोज काय तेच तेच."

शहाऐंशीच भरलं. काल तेवढंच, परवा तेवढंच, कोट पावसाने निथळत होता त्या दिवशीसुद्धा तेवढंच. धडधाकट पायलटचं वजनही रोज थोडं इकडेतिकडे व्हायचं, आणि गालफडं बसलेल्या या माणसाचं तीन महिने गुंजभर हलू नये? रविवारी नायरीकडे डुकराच्या हाडांचा रस्सा असायचा. तीन-तीन वाट्या ओरपणारा राविरी हल्ली पहिलीच नुसती ढवळत बसे.

एक पाहुणा आलाच नव्हता. तिने स्वतःचं वजन लिहिलं, वही कचेरीतल्या दुसऱ्या बाईच्या हातात दिली आणि रिकाम्या जागेवर जाऊन बसली. मुलं होईपर्यंत तीही इथे वाटाडी होती, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. राविरीने मात्र मान वळवून तिच्याकडे दोनदा बघितलं.

हेलिकॉप्टर झाडीवरून वर गेलं. लहानपणी ही भावंडं जिथवर चालत जाऊन बर्फाला हात लावायची, तिथे आता नुसते दगडगोटे पसरले होते. पाहुणे फोटो काढत होते. नायरी भावाचं मनगट बघत होती. घड्याळ सैल होऊन पार खाली लोंबत होतं.

वर उतरल्यावर सगळ्यांनी बुटांखाली बर्फात रुतणारे खिळे बांधले. राविरी पुढे राहून कुऱ्हाडीने पायऱ्या खोदू लागला. पूर्वी तो अख्खा चढ एका दमात खोदायचा. आता पाच घाव घातले की थांबायचा आणि पाहुण्यांना बर्फाचा निळा रंग दाखवायचा. तो रंग काही इतका वेळ दाखवण्यासारखा नव्हता.

पाहुणे बर्फातल्या एका कपारीत शिरले, तशी नायरी त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या कोटाची कड मुठीत धरली. अस्तरात गळाला बांधायचे शिशाचे गोळे शिवलेले होते.

"किती किलो, राविरी?"

"सोड. लोक बघतील."

"किती?"

"अकरा. पाठीवरच्या पिशवीतले धरून."

मग तो एकेक करून सांगत गेला. आकडा उतरला की कंपनी डॉक्टरकडे धाडणार, आणि डॉक्टर बर्फावर जाणं बंद करून खाली बसवणार. हंगाम संपला की दाखवतो, असं तो म्हणाला.

"आईपण हेच म्हणाली होती. मासळीचा हंगाम संपू दे म्हणाली होती."

राविरीने कुऱ्हाडीचं पातं कोटाला पुसलं. "बर्फावर नसलो तर मी कोण गं, ताई?"

नायरीला त्याचा संताप आला आणि रडूही आलं.

"आणि यातलं कुणी भेगेत गेलं, तर ओढशील वर?"

पाहुण्यांना हाक मारून तो परत निघाला.

समुद्राकडून ढग चढतायत, लवकर या, असा पायलटचा निरोप आला. वाटेत एक भेग होती. फार रुंद नव्हती, पण खाली तळ दिसत नव्हता. इथे वाटाड्या आधी पलीकडे जातो, कुऱ्हाड रोवतो आणि एकेकाला हात देऊन घेतो. राविरी पलीकडे गेला. ग्लेनिसबाईंनी विश्वासाने त्याच्या हातात हात दिला. त्या पाऊल उचलणार, इतक्यात त्याने हात काढून घेतला.

"थांबा जरा," तो बाईंना म्हणाला. मग त्यांच्या मागे बघत म्हणाला, "ताई, तू ये इकडे. तू धर यांना."

ग्लेनिसबाई ओशाळल्या. "माझ्या वजनामुळे का हो?"

"तुमचं नाही, बाई," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात राविरी म्हणाला. "माझं उतरलंय. पंच्याहत्तर आहे. माझ्याच्याने नाही व्हायचं."

नायरी भेग ओलांडून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने बाईंपुढे हात केला.