मास्तरांनी कापलेली कड

“याला काय कापड म्हणायचं? ना उभा धागा, ना आडवा. आणि कड बघ, उंदरानं कुरतडल्यासारखी!”

शिलाई मशीनशेजारी स्टुलावर पाय टाकून मास्तर घोट्यावरच्या पट्टीकडे बघत पुटपुटत होते. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायको काजं करता करता ऐकत होती. रक्तातल्या साखरेमुळे मास्तरांच्या घोट्यावरची जखम भरत नव्हती. “ही नवी पट्टी लावून बघू, नाहीतर...” म्हणत डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले होते. ते वाक्य घरात कुणी पुरं केलं नाही. विचारणाऱ्यांना बायको सांगे, खरचटलंय जरा.

पट्टी लेकीच्या प्रयोगशाळेतली. औषध मिसळलेला, केसाहून कितीतरी बारीक तंतू विजेच्या ओढीनं सुईतून निघतो, त्याची जाळी होते आणि ती जखमेला हळूहळू औषध पाजत राहते. म्हणून आठवडाभर हात लावायचा नाही.

संध्याकाळी लेक आली ती दारातच थबकली.

“बाबा, कडा कुणी कापल्या?”

“वाकड्या होत्या. सरळ केल्या.”

“अहो, त्या चिकटायच्या कडा होत्या! आत पाणी गेलं, औषध वाहून गेलं.”

“मास्तरांच्या पायाला असली कड? गिऱ्हाईक काय म्हणेल?”

“गिऱ्हाईक पाय बघायला येतं का?” बायको कडाडली. “जन्मभर दुसऱ्यांचं कापलंत, आता तुमचा...” तिनं जीभ चावली.

दुसरी पट्टी लागली. कात्री कपाटात गेली, किल्ली बायकोच्या कमरेला. रिकामे मास्तर लेकीला खोदून विचारू लागले.

“ओढ जास्त झाली तर?”

“तंतू तुटतो. थेंब पडतात.”

“मग?”

“मग हात हलका करायचा. तुमच्याकडे बघूनच शिकले ना.”

मास्तर भिंतीकडे बघत “हं” म्हणाले. पण त्या रात्री जेवताना ते दोनदा उगाचच हसले, हे बायकोनं पाहिलं.

पट्टी निघाली तेव्हा जखमेच्या काठानं गुलाबी कातडी धरली होती. आणखी काही पट्ट्यांनंतर जखम मिटली, मास्तर मशीनवर बसले.

कोटाचं माप द्यायला आलेलं जुनं गिऱ्हाईक म्हणालं, “काय मास्तर, खरचटलेलं बरं झालं वाटतं?”

बायकोची सुई थांबली. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

“खरचटलं कसलं? पाय कापायची वेळ आली होती. माझ्या लेकीनं औषधाचा धागा काढला, म्हणून तुमच्यापुढे उभा आहे.”