मोगऱ्याच्या वाडीतली तलवार

बेसिलची बायको थेरेसा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, त्या दिवशी त्याच्या मोगऱ्याला कोणी हात लावला नाही. आठवड्याने गास गावच्या बायका कळ्या खुडायला आल्या आणि त्यालाच म्हणाल्या, "भाऊ, पुढे काय झालं?" खुडताना थेरेसा त्यांना एका तलवारवाल्या बाईची गोष्ट रचून सांगायची, रोज थोडी.

बेसिलने घसा खाकरून सुरुवात केली. त्याच्या गोष्टीतली बाई आधी कोयत्यासारखी तलवार दगडावर घासत बसली.

"अहो, थेरेसाने एवढ्यात तीन मुंडकी उडवली असती!" अनसूयाबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या, बेसिलही हसला. मग तलवार उपसून बाई सापांच्या पुलावरून धावली आणि चेटक्याच्या किल्ल्यात शिरली, तोवर टोपल्या भरल्या.

चेटक्याला मारायचं अजून बाकी आहे.