शुभदाबाईंचा रिकामा वर्ग

शुभदाबाईंनी चिंचवडच्या शाळेत जितकी वर्षं इंग्रजी शिकवलं, तितक्या वर्षांत त्यांचा एकही विद्यार्थी तयारीशिवाय परीक्षेला बसला नाही. ही गोष्ट त्या स्वतःच सांगत, कुणी न विचारता सांगत, आणि ज्याला एकदा सांगितली त्याला पुन्हाही सांगत. २००६ साली नवऱ्याच्या, म्हणजे प्रतापच्या, नोकरीमागून त्या नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला आल्या आणि ही गोष्ट ऐकायला कुणी उरलंच नाही. प्रताप सकाळी सायकल काढून ऑफिसला जाई. शेजारीण गोड हसे, पण चहाला बोलवायचं म्हटलं की डायरी उघडून पुढच्या महिन्यातली तारीख देई. शेवटी बाई प्रतापच्या ऑफिसच्या ई-मेलमधल्या चुका काढायला लागल्या, तेव्हा त्यानेच धावाधाव करून त्यांच्यासाठी काम शोधलं. गरज कुणाची होती ते तुम्हीच ठरवा.

स्टेशनजवळ एक छोटी भाषाशाळा होती. तिची मालकीण मारायके ही उंच, स्पष्ट बोलणारी डच बाई. शिफोल विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीने चीनहून बरीच माणसं आणली होती, आणि त्या सगळ्यांना कामापुरतं इंग्रजी शिकवायचं काम मारायकेकडे आलं होतं. तीन वर्ग करायचे ठरले. वरचा वर्ग ग्रॅहम नावाच्या इंग्रजाचा. मधला खुद्द मारायकेचा. आणि पहिल्या पायरीचा, म्हणजे ज्यांचं गाडं ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे जात नाही त्यांचा, शुभदाबाईंचा. अट एवढीच की त्या पायरीवर पुरेशी माणसं निघाली पाहिजेत. माणसं नाहीत तर वर्ग नाही, आणि वर्ग नाही तर नोकरीही नाही. कोण कुठल्या पायरीवरचा, हे एका चाचणीतून ठरणार होतं. ती चाचणी काढायचं काम मारायकेने शुभदाबाईंनाच दिलं.

“अगं, मग अवघड काढ ना!” प्रताप जेवताना म्हणाला. “सगळे धडाधड खाली येतील. तुझा वर्ग हाऊसफुल्ल!”

“प्रताप, मी पेपर काढते. उंदराचे सापळे लावत नाही,” बाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात न विचारता अजून भात वाढला. रागावल्या की त्या वाढत.

पेपर मात्र त्यांनी असा काढला की बघत राहावं. आधी शब्द, मग व्याकरण, शेवटी विमानतळावर हरवलेल्या एका खोक्याबद्दलचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणारा. मारायकेने तो वाचला आणि मान डोलावली. “छान आहे. पण एक लक्षात ठेव, शुभदा. यात कुणी पास नाही, कुणी नापास नाही. चपलांच्या दुकानात पाय मोजतात ना, तसंच आहे हे.”

“हो, हो, अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. कान मारायकेकडे होते, मन चिंचवडला होतं.

नावनोंदणीच्या दिवशी चिनी मंडळी आली. चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर दहावीच्या मुलांची कळा. चाचणी आहे म्हटल्यावर त्यांचं धाबंच दणाणलं होतं. त्यांत फांग नावाची एक बाई होती, गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या लावणारी. ती खुर्चीत अशी बसली होती की खुर्चीला ओझं होऊ नये. सगळे गेल्यावर ती मागे राहिली आणि दोन्ही हात जोडल्यासारखे धरून म्हणाली, “लाओशी... परीक्षा... काय येणार?”

लाओशी म्हणजे चिनी भाषेत शिक्षक. आपल्याकडे शाळेत ‘बाई’ म्हणतात, अगदी तसं आणि त्याच आदराने. इथे आल्यापासून बाईंना जो तो ‘शुभदा’ म्हणत होता, मारायकेच्या ऑफिसात येणारी कॉलेजातली पोरंसुद्धा. फांगबाईंच्या तोंडून ‘लाओशी’ ऐकलं आणि शुभदाबाई विरघळल्या. अहो, पार पाणी झालं.

“शनिवारी घरी या,” त्या म्हणाल्या. “थोडं बघून घेऊ. आणखी कुणाला यायचं असेल तर आणा.”

शनिवारी अख्खी यादीच दारात उभी! बाईंच्या त्या रांगेतल्या चिंचोळ्या घराबाहेर सायकलींनी फुटपाथ भरला. प्रतापला वरच्या खोलीत पिटाळलं, पोह्यांचं पातेलं चढलं आणि उजळणी सुरू झाली.

आता कुणी म्हणेल, बाईंनी पेपर फोडला. छे! भलतंच काय! पेपर फोडणं वेगळं आणि ‘एवढं बघून ठेवा’ म्हणणं वेगळं. हा फरक आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. पेपरात विमानतळावर हरवलेलं खोकं होतं, म्हणून बाईंनी घरी रेल्वेत हरवलेली पेटी घेतली. शब्द वेगळे, वाक्यं वेगळी. मात्र युक्त्या सगळ्या सांगितल्या. उतारा आधी वाचू नका, प्रश्न आधी वाचा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, उत्तर त्याच्याच शेजारी दडून बसलेलं असतं. चार पर्यायांतले दोन उघड चुकीचे असतात, ते आधी खोडा. आणि काहीच सुचलं नाही तर सगळ्यात लांब उत्तर निवडा, कारण पेपर काढणारा खऱ्या उत्तरावर जास्त मेहनत घेतो.

चिनी मंडळी डोळे विस्फारून ऐकत होती. यातलं त्यांना नवीन काहीच नव्हतं. त्यांच्याकडेही लहानपणापासून हेच. त्यांना आनंद झाला तो परक्या मुलुखात आपल्याच घरची रीत सापडल्याचा. क्रेनवर काम करणारे गाओ नावाचे गृहस्थ तर दोन दिवसांनी हरवलेल्या पेटीचा अख्खा उतारा पाठ करून आले आणि दारात उभ्या उभ्या म्हणून दाखवला. स्वल्पविराम आला की मान हलवत होते. अर्थ विचारला तर लाजून हसले.

चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी मारायकेचा फोन आला. “शुभदा, फारच आनंदाची बातमी! सगळेच्या सगळे वरच्या वर्गात!”

“शाब्बास!” बाई ओरडल्या. सवयच ती. तोंडातून शब्द गेला, रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि मग कुठे डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळे वर. म्हणजे खाली कुणी नाही. म्हणजे पहिल्या पायरीचा वर्ग...

बाईंनी कपाळाला हात लावला आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, तोही इतका नेम धरून! प्रताप घरी आला तेव्हा त्या रडत होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. “अगं, तुझे विद्यार्थी पैकीच्या पैकी मिळवून तुलाच घरी बसवून गेले!”

त्या रात्री प्रतापला भात इतका वाढला गेला की तो गप्पच झाला.

सोमवारी मारायकेने त्यांना बोलावून घेतलं. ती हुशार होती, तिला काहीतरी खटकलं होतं. “एक सांग. ही माणसं खरंच इतकी चांगली आहेत? की चाचणीत काही गडबड आहे? तू म्हणालीस तर पुन्हा घेऊ. तुलाही तुझा वर्ग मिळेल.”

बाईंनी एक वाक्य बोलायचा अवकाश, की वर्ग त्यांचा. पण तासाभरापूर्वीच शाळेच्या जिन्यात फांगबाई भेटल्या होत्या. पहिल्यांदा ताठ चालत होत्या. हातवाऱ्यांनी, मोडक्या शब्दांनी त्यांनी सांगितलं होतं की चीनला मुलीला फोन केला, सासूला केला, सासू ज्या बहिणीकडे राहते तिलाही केला. वरचा वर्ग! शाळेत कायम शेवटच्या बाकावर बसलेली बाई. आता त्यांना काय सांगायचं, उतरा खाली?

“चाचणी बरोबर आहे,” शुभदाबाई म्हणाल्या. “माणसं चांगली आहेत.” यात दया किती होती आणि आपल्या पेपराचा अभिमान किती, ते त्यांनाच माहीत. जीव मात्र तुटत होता. भांड्याकुंड्यांकडे परतायचं या विचारानेच त्यांना रडू फुटत होतं.

वरचा वर्ग सुरू झाला. ग्रॅहम गोष्टीवेल्हाळ माणूस. सुट्टीत काय केलंत, या बातमीबद्दल तुमचं मत काय, असं विचारत तो सुसाट सुटे. मताला चार पर्याय नसतात आणि लांबलचक उत्तर निवडायची सोयही नसते. मंडळी गंभीर चेहऱ्याने माना डोलवत बसत. ग्रॅहम खूश! इतक्या शांतपणे ऐकून घेणारा वर्ग त्याला जन्मात मिळाला नव्हता. तो मारायकेला म्हणाला, “फार खोल माणसं आहेत.”

आणि त्या शनिवारी शुभदाबाईंच्या दाराची घंटा वाजली. बाहेर फांगबाई आणि गाओ, हातात संत्र्यांच्या पिशव्या, तोंडं एवढीशी झालेली. “लाओशी,” फांगबाई म्हणाल्या, “वरचा वर्ग... खूप वर.”

बाईंनी दार सताड उघडलं. आता शाळा असली की तिच्यावर शिकवणी आलीच, हे का चिनी माणसाला सांगायचं, का मराठी माणसाला! पुढच्या शनिवारी सगळेच आले. बैठकीत सतरंजी पसरली गेली. या वेळी युक्त्या नाहीत, पर्याय नाहीत, थेट ‘माझं नाव अमुक’पासून सुरुवात. फळा नव्हता म्हणून बाई फ्रिजच्या दारावर पुसता येणाऱ्या पेनाने लिहीत. फी घ्यायचा प्रश्नच नव्हता, पण संत्री इतकी साठली की प्रताप ऑफिसात वाटू लागला. बाईंचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. त्या सुखात होत्या. त्यांच्याकडे नोकरी नव्हती, एवढीच काय ती उणीव, आणि ती रोज सकाळी टोचायचीच.

असं महिनाभर चाललं. मग एका शनिवारी मारायके आली. न सांगता नाही हं, डच माणूस न सांगता मरायलासुद्धा येत नाही. तिने रीतसर फोन करून प्रतापकडून वेळ घेतली होती आणि प्रताप सांगायला विसरला होता. शुभदाबाईंना वर्ग मिळाला नाही याचं तिला वाईट वाटलं होतं, म्हणून ती फुलांची कुंडी घेऊन आली होती. दार उघडंच होतं. आत तिचा अख्खा वरचा वर्ग मांडी घालून बसला होता आणि एका सुरात म्हणत होता, “माझा शनिवार-रविवार छान गेला, धन्यवाद.”

शुभदाबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं.

“हे काय आहे?” मारायकेने विचारलं. मग फ्रिजच्या दाराकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात येऊ लागलं. “तू यांची तयारी करून घेतलीस? पायऱ्या ठरवायच्या चाचणीची?”

“मग काय तयारीशिवाय बसवायचं?” बाई कळवळून म्हणाल्या. खरंच, त्यांना यापेक्षा वेगळं उत्तर सुचलंच नाही.

मारायके काहीतरी बोलणार होती. एवढ्यात फांगबाई उभ्या राहिल्या. कुणी शिकवलेलं नाही, कुठल्या उताऱ्यात नाही, असं त्या मोडकंतोडकं इंग्रजी आपलं आपण जुळवत बोलल्या. “तुम्ही तिला रागावू नको. आम्ही खोटे हुशार. आम्ही आलो, ती नाही बोलावलं. तिथे मी भिते. इथे मी बोलते. बघा, आत्ता मी बोलते.”

एवढं बोलून त्या मटकन खाली बसल्या. स्वतःचाच आवाज ऐकून त्या घाबरल्या होत्या.

वाक्यागणिक चुका होत्या. चिंचवडच्या बाईंनी एकही काढली नाही. त्यांना समोरचं धड दिसतच नव्हतं, पदराने डोळे पुसायला गेल्या तर अंगावर पंजाबी ड्रेस. गाओंनी आपला रुमाल पुढे केला.

मारायकेने कुंडी टीपॉयवर ठेवली. मग ती सतरंजीच्या कडेला, लांब पाय कसेबसे दुमडून बसली. “मंगळवार संध्याकाळ,” ती म्हणाली. “माझ्या शाळेत, धड फळा असलेल्या खोलीत. शिक्षिका शुभदा. कंपनीला मी ‘वरच्या वर्गाचा जादा सराव’ म्हणून सांगेन, कुणाचंही नाव खाली येणार नाही.”

गाओंनी आपल्याला जेवढं कळलं तेवढं चिनी भाषेत सगळ्यांना समजावलं. खोलीत एकच गलका झाला. शुभदाबाईंनी मारायकेचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच तिला आशीर्वाद दिला.

“पण माझी एक अट आहे,” मारायके बोट वर करून म्हणाली. “या वर्गात चाचणी नाही. पहिली नाही, शेवटची नाही, मधली नाही. परीक्षा म्हणून कधीही नाही.”

तिला वाटलं, लोक टाळ्या वाजवतील. गाओंनी भाषांतर केलं आणि गलका थांबला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. फांगबाईंचा चेहरा पडला. परीक्षा नाही? मग हा कसला वर्ग? घरी फोन करून सांगायचं तरी काय?

सगळ्यांनी आशेने लाओशींकडे पाहिलं. नोकरी हातात येऊन अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. शुभदाबाई मारायकेच्या जवळ सरकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “एक छोटीशी घेऊ या का? वीस मार्कांची?”